बिनबॉलचा खेळ

त्या दिवशी फार उकडत होतं, पोरांनो. ऑगस्टातला दुसरा शनिवार. झाडाचं पान हलत नव्हतं. पोलादाच्या कारखान्यामागं वीज तेवढी चमकायची, पाऊस काही नाही. मी तिथं नव्हतो, पण एझेल माझा मित्र, आणि खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर जुन्या खेळाडूंच्या आठवणीचा बेसबॉल सामना होता. गोरे त्यांच्या लीगमध्ये आपल्या काळ्या माणसांना घेत नव्हते, तेव्हा आपली वेगळी लीग होती. एझेलचा बाप रॉस्को तिच्यातला कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या पायाशी जमिनीत प्लेट बसवलेली असते, तिच्यामागं उकिडवा बसून बॉल झेलणारा. त्याच्या चामडी हातमोज्यातून कधी बॉल सुटला नाही, असं एझेल येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्याला बॉल टाकणारा पिचर म्हणजे शेजारच्या होझियाचा बाप. दोघंही म्हातारे कधीच गेले. मोजा तेवढा एझेलच्या दाराशी खिळ्याला होता.

गुरुवारी तो नाहीसा झाला.

"होझियानंच नेला," एझेल शनिवारी दुपारी मला म्हणाला. "नेहमी म्हणतो, माझ्या बापाच्या हाताला जोर होता म्हणून तुझ्या बापाचं नाव झालं. उद्या चर्चमध्ये सगळ्यांदेखत चोर म्हणतो त्याला."

"अरे, जन्माचा शेजार तुमचा. आधी विचार तरी."

"चोर काय हो म्हणणार आहे?"

अंधार पडल्यावर एझेल चुन्याची पिशवी घेऊन मैदानावर रेषा आखायला गेला. मैदानाला लागूनच दोघांची घरं. होझियाकडे दिवा नव्हता. एझेलला तेही खटकलं.

थप्प.

चामड्यात बॉल बसल्याचा आवाज. एझेल जागीच थांबला.

थप्प.

वीज चमकली. प्लेटमागं एक माणूस उकिडवा बसलेला. समोर दुसरा, उंच, एक पाय वर उचललेला. त्याचा हात फिरला... हातात काहीच नव्हतं.

एझेलला हा खेळ ठाऊक होता. सामन्याआधी आपली माणसं लोकांना हसवायला बिनबॉलचं खेळायची. फेकणं खोटं, झेलणं खोटं. होझिया उद्याची तालीम करतोय, त्याला वाटलं. कुणाला तरी सोबत घेऊन. आणि माझ्या मोज्यानं!

थप्प.

पण बिनबॉलच्या खेळाला आवाज कुठला?

उंच माणसाचा हात पुन्हा फिरला.

"होझिया! चोरा!"

उकिडव्या माणसानं मान वळवली.

थप्प झालं नाही.

काहीच झालं नाही...

मग कुंपणापलीकडे पत्रा वाजला.

वीज चमकली. बसलेल्यानं हात वर केला. दोन बोटं वाकडी. बॉल लागून मोडलेली, तशीच जुळलेली. लहानपणी एझेल तीच बोटं धरून चालायचा.

"बाबा...?"

अंधार.

पुन्हा उजेड झाला तेव्हा कुणी नव्हतं. प्लेटवर मोजा पडला होता.

सकाळी चर्चला निघताना एझेल मोजा काखेत घेऊन कुंपणाशी उभा राहिला. माफी कशी मागावी, सुचेना. होझिया पायरीवर बसला होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. त्यानं एक काळपट जुना बॉल पुढं केला.

"तुझ्या बापाच्या हातून बॉल सुटत नाही म्हणायचास ना? हा रात्री माझ्या पत्र्यावर पडला. मला वाटलं, तूच मारलास. मग दिव्याखाली नेऊन बघितला... एझेल, शवपेटी बंद करताना हा मीच माझ्या बाबांच्या हातात ठेवला होता रे."