स्लाइडवरची जनाबाई

ही गोष्ट खरी आहे. मला कुणी सांगितली ते विचारू नका. ते विचारलं की पुढचं सांगताच येत नाही.

गेल्या उन्हाळ्यातली. गोसीखुर्द धरणाजवळचं एक पुनर्वसन गाव. रात्र वगैरे काही नव्हती, भर दुपार होती. भुताला ऊन चालत नाही म्हणतात. पण हे भूत नव्हतंच, हीच तर अडचण आहे.

योगेंद्र भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा, आयुधनिर्माणीच्या क्वार्टरमधला. नागपूरच्या एका कॉलेजात डिझाइन शिकत होता. शेवटचं वर्ष, तेही दुसऱ्यांदा. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना धरून उठता यावं असा, बाजूला मूठ असलेला एक पाट तो तयार करत होता. त्याला शिकवणाऱ्या भुपेंद्र सरांच्या संशोधनाचाच तो भाग. या वेळी पास झाला नाही तर कॉलेजातून नाव कटणार होतं. आणि त्याच्या आईने, उषाबाईने, क्वार्टरच्या अख्ख्या लाइनीत आधीच पेढे वाटून टाकले होते.

डिझाइनमध्ये एक पद्धत असते. आधी खऱ्या माणसांना भेटायचं. मग त्या सगळ्यांची मिळून एक काल्पनिक व्यक्ती तयार करायची. नाव, वय, दुखणी, सगळं लिहायचं. तिला पर्सोना म्हणतात. वस्तू तिच्यासाठी करायची.

योगेंद्र एकालाही भेटला नव्हता. ऊन फार होतं.

त्याने पंख्याखाली बसून एका स्लाइडवर जनाबाई तयार केली. म्हातारी, उजवा गुडघा गेलेला. सर म्हणाले, दुःख कमी पडतंय. त्याने डाव्या डोळ्यात मोतीबिंदू टाकला. अजून कमी, सर म्हणाले. मग त्याने तिचं जुनं घर धरणात बुडवलं. नवरा मारला. मुलगा शहरात पाठवला आणि तो परत येत नाही असं लिहिलं. दार निळं केलं, कारण स्लाइड निळी होती.

सर खूश झाले. आता बाईचा फोटो आण, म्हणाले.

त्यात काय, कोणत्याही म्हातारीला पाटावर बसवून काढू. पाट काखेत मारून तो भंडाऱ्याहून एसटीने गावात उतरला.

पानठेल्यावर तुलाराम नावाचा माणूस बसला होता. योगेंद्रने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "जनाबाईकडं आला काय गा? शेवटचं घर. निळं दार."

योगेंद्र हसला.

मग हसू थांबलं...

गावात आवाज होते. कुकर, टीव्ही, कोंबड्या. शेवटच्या घराजवळ पोचला आणि...

काहीच नाही.

फक्त काठी. टक... टक...

दार उघडं होतं. आत एक म्हातारी पाय लांब करून, बसल्या बसल्या जमिनीवर काठी आपटत होती. डावा डोळा पांढरा.

"ठेव पाट," ती म्हणाली. "केवढी वाट पाहून राहिली मी."

त्याने ठेवला. ती बसली. मूठ धरून उठली. परत बसली. पाट झकास होता. आयुष्यात पहिल्यांदा योगेंद्रचं काहीतरी बरोबर चाललं होतं, आणि त्याला घाम फुटला होता.

मग त्याने घर पाहिलं.

चूल नव्हती. ताट नव्हतं. भिंतीला खिळा नव्हता. मागचं दार उघडं होतं, पण त्याच्या पलीकडे...

अंगण नव्हतं. आभाळ नव्हतं. नुसता निळा रंग.

घाबरलेला माणूस सवयीचं बोलतो. त्याची आई दारावर आलेल्या कुरिअरवाल्यालाही पहिल्यांदा जे विचारायची, तेच याच्या तोंडून निघालं. "जेवल्या का आजी?"

"कुठून जेवू? तू लिहलंच नाही ना."

टक... टक...

"भूक लागते पण," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "गुडघ्याचं जाऊ दे. डोळ्याचंही जाऊ दे. मले एकटी काहून केलं बाबू?"

"सर म्हणाले, दुःख कमी पडतंय."



त्याने मोबाइलवर स्लाइड उघडली. जनाबाईलाच पुसून टाकायला बोट ठेवलं... ती बघत होती. एका डोळ्याने. पुसली तर कॉलेज गेलं, हेही त्याच बोटाला माहीत होतं. बोट उचललं ते तिच्यासाठी की पेढ्यांसाठी, त्यालाही कळलं नाही.

त्याने फक्त एक ओळ बदलली. मुलगा परत आला. आता आईजवळच राहतो.

काठी थांबली.

जनाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आला माहा पोरगा."

तो पळत सुटला. पानठेल्यावर तुलाराम तसाच बसलेला. "मायले एकटी टाकून आता कुठं चालला योगेंद्रा?"

त्याने नाव सांगितलंच नव्हतं.

त्याने आईला फोन लावला. रिंग... रिंग...

"आई, मी घरी येऊन राहिलो. आत्ताच."

पलीकडे फोन उचलला गेला. मागे त्यांच्याच स्वयंपाकघरातला कुकर.

"कोणाले लावला बाबू फोन?"

"आई, मी योगेंद्र."

"राँग नंबर लागला बेटा. आमाले लेकरू नाही."

आवाज प्रेमळ होता. अनोळखी माणसाशी बोलताना असतो तेवढाच. फोन ठेवता ठेवता मात्र ती उषाबाईच होती. "जेवला का पण?"

नव्हता जेवला. भूक लागली होती. पण मुलगा काय खातो, हे त्याने लिहिलं नव्हतं.

त्याने घाईने स्लाइड उघडायला घेतली. उघडली. पण आता ती फक्त वाचता येत होती. फाइल सरांच्या नावावर झाली होती.

मागून आवाज आला. टक... टक...

प्रकल्पाचं पुढे फार कौतुक झालं. भुपेंद्र सरांनी एकट्याने केला, असंच सगळ्यांना आठवतं. शेवटच्या स्लाइडवर फोटो आहे. निळ्या दारात पाटावर म्हातारी, तिच्याजवळ जमिनीवर बसलेला एक मुलगा. सर तो फोटो दर वर्गाला दाखवतात. दर वेळी मुलगा आणखी वाळलेला दिसतो... सर जवळ जाऊन पाहतात. याला कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना वाटतं.

हल्ली ते विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावून सांगतात. पर्सोना करताना आधी जेवण लिहा. का, ते त्यांना सांगता येत नाही.

स्वतःच्या त्या स्लाइडवर जेवण लिहायचं मात्र त्यांना अजून सुचलेलं नाही.