गळक्या गिअरबॉक्सची जीप

यातलं एक अक्षर रचलेलं नाही. रचायचं असतं तर निदान भावाचं नाव तरी बदललं असतं.

मी एस्तेर. नवापूरपासून आत डोंगरात आमचा पाडा आहे. शेताच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडे गुजरात दिसतो. घरी आम्ही मावची बोलतो, पण इथे सगळं मराठीतच सांगते.

गोष्ट गेल्या डिसेंबरची. नाताळाआधीचा रविवार.

आणि रात्र नव्हती... लख्ख दुपार होती. म्हणून तर ती डोक्यातून जात नाही.

दानियल माझा थोरला भाऊ. त्यानं तेव्हा नुकतीच एक जुनी जीप घेतली होती. हौसेनं नाही. मागे एकदा भर पावसात रुपावहिनीला कळा सुरू झाल्या, तेव्हा पाड्यावर एकही गाडी नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. आता तिला पुन्हा आठवा लागला होता. या वेळी दारात गाडी पाहिजे, एवढंच दादानं धरून ठेवलं होतं.

जीप धडगावकडची. वीरसिंग नावाच्या ड्रायव्हरनं ती घाटात कित्येक वर्षं माणसं भरभरून चालवली होती. इंजिन ठणठणीत. खोट एकच.

गिअरबॉक्समधून ऑइल गळायचं.

जिथे उभी करावी तिथे खाली काळा डाग. आणि चढावर मधूनच गिअर अडकायचा. मागे कळा देणारी बाई आणि गिअर अडकला तर? या विचारानं दादाला झोप लागत नव्हती. त्यानं ठरवलं, जुनं ऑइल पूर्ण काढायचं, झिजलेलं सील बदलायचं आणि नवं ऑइल भरायचं. सुरतेला ट्रकच्या गॅरेजमध्ये त्यानं बरीच वर्षं काढली होती. हे काम त्याला नवीन नव्हतं.

त्या दिवशी चर्चमधून येऊन आम्ही जेवलो. आई वहिनीला घेऊन मामाकडे गेली. अंगणात दादा आणि मी, दोघंच.

आधी तो जीप घेऊन एक चक्कर मारून आला. ऑइल गरम झालं की पातळ होतं, गाळासकट बाहेर पडतं. आमचं अंगण ओहोळाकडे उतरतं आणि त्या जीपच्या हँडब्रेकचा काही भरवसा नव्हता. म्हणून सगळ्या चाकांना आम्ही मोठे दगड लावले. गोणपाट पसरून दादा जीपखाली शिरला. पाने हातात द्यायला मी बाजूला जमिनीवर बसले.

त्यानं आधी बाजूचा, ऑइल भरायचा नट ढिला केला. तोच नंतर उघडला नाही तर गाडी रिकामी होऊन बसेल, म्हणाला. मग घमेलं सरकवलं आणि खालचा नट काढला.

धार पडायला लागली. काळी, दाट, जळक्या वासाची.

मग रंग बदलला. दुधाच्या चहासारखा झाला.

आत पाणी गेलंय, दादा म्हणाला. नदीनाल्यातून गाडी काढली की असं होतं. त्यात काही विशेष नव्हतं.

धार बारीक झाली. थेंब पडू लागले. थेंबही थांबले.

आणि पुन्हा धार लागली...

पाण्याची. स्वच्छ, नितळ पाण्याची.

घमेलं भरलं. मी ते ओतून आले. पुन्हा भरलं. मी बादली आणली. ती भरायला आली तरी धार तशीच.

"एवढ्याशा पेटीत एवढं पाणी मावत नाही, एस्तेर," दादा खालून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मी धारेखाली बोट धरलं. जीप आत्ताच चालून आली होती. ऑइल चटका बसेल इतकं गरम होतं.

पाणी मात्र... बर्फासारखं गार.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, अंगणात कसलाच आवाज नाही. महूच्या, म्हणजे मोहाच्या झाडाखाली कोंबड्या उकरत होत्या. आता एकही दिसत नव्हती. शेजारच्या गोवालकाकांचा रेडिओ वाजत होता. तोही ऐकू येत नव्हता.

कर्र...

जीपच्या मागच्या पायरीचा आवाज. कोणी पाय ठेवून आत चढावं तसा. जीप मागून किंचित दबली.

वर चढू नकोस, दादा म्हणाला.

मी त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर बसले होते. तसं मी त्याला सांगितलं.

 मग त्यानं मान वळवून मागे पाहिलं. जीपखालून मागची सगळी जमीन दिसते. कोणी उभं असेल तर त्याचे पाय दिसणारच.

"मागे कोण आहे? मला पाय दिसत नाहीत."

कर्र...

पुन्हा पायरी. पुन्हा जीप थोडी खाली. मग पुन्हा. एकामागून एक कोणीतरी चढत होतं. थोडं थांबून, धक्काबुक्की न करता, ओळखीच्या माणसांनी एकमेकांना जागा द्यावी तसं.

मी उठून आत डोकावले.

कोणी नव्हतं.

पण रेक्झिनच्या सीट दबलेल्या होत्या. बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि दादाच्या तोंडावर गाडीचं पोट खाली खाली येत होतं.

मी त्याला बाहेर निघ म्हणाले, पण आवाज फुटला की नाही ते मला आजही सांगता येत नाही.

मग पत्र्यावर दोन थापा पडल्या.

आमच्याकडे जीपमध्ये फिरलेल्या कोणालाही त्या थापा माहीत असतील. माणसं भरली, की मागे लटकणारा पत्र्यावर हात मारतो. म्हणजे... चला.

जीप हलली.

चाकांचे दगड जागेवरच होते, चाकं त्यांच्यावर चढली. मी दादाचे पाय धरले आणि जीव खाऊन ओढलं. तो बाहेर आला आणि मागचं चाक त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरून गेलं. फक्त बाहीवरून. जीप उतारावरून घरंगळत महूच्या झाडाला अडकून थांबली.

गोवालकाकांचा रेडिओ पुन्हा ऐकू यायला लागला.

दादानं हात पुसले. मग त्यानं वीरसिंगला फोन लावला, स्पीकरवर. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. गिअरबॉक्सचं काम काढलंय, एवढंच म्हणाला.



"सगळं ऑइल काढलं तुम्ही?" वीरसिंगनं विचारलं.

दादा हो म्हणाला.

"मी कधी काढलं नाही. जेवढं गळायचं तेवढं वरून टाकायचो. माझ्या आधीच्यानं तसंच सांगितलं होतं."

का, ते दादानं विचारलं. वीरसिंगला माहीत नव्हतं. आधीचा मालक आता कुठे असतो, तेही माहीत नव्हतं. गाडीत सवाऱ्या बसल्यात, निघायचंय, असं सांगून त्यानं फोन ठेवला. नंतर त्यानं आमचा फोन कधी उचलला नाही.

मला वाटलं, दादा आता ही जीप काढून टाकेल. मी तसं म्हणालेही. त्यानं वहिनीच्या दिवसांचा हिशोब माझ्यासमोर मांडला. एवढ्यात दुसरी गाडी कुठून येणार? घरात कोणाला सांगू नकोस म्हणाला. मी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवापूरहून नवं सील आणलं. गोवालकाका आणि आणखी दोघा-तिघांना सोबत बसवून काम पुरं केलं. सील बसलं, नवं पॅकिंग बसलं, ऑइल भरलं. काहीही झालं नाही. गळणं बंद. जमिनीवर डाग पडेना. गिअर लोण्यासारखे पडायला लागले.

एवढंच, की चढावर रिकामी जीपसुद्धा भरल्यासारखी चालायची. जुनं इंजिन आहे, दादा म्हणायचा.

जानेवारीत एका सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. धुकं इतकं, की महूचं झाड दिसत नव्हतं. वहिनीला मागच्या बाकड्यावर निजवलं. आई तिच्यामागून चढली. मी पुढे दादाशेजारी बसले, कारण काचेतून काही दिसत नव्हतं आणि बाजूनं डोकं बाहेर काढून वळणं मीच सांगत होते. मागे वळून पाहायला मला एकदाही सवड झाली नाही.

पण ऐकू येत होतं. वहिनी कण्हायची, आणि तिच्याशी कोणीतरी हळू आवाजात बोलत राहायचं. लहान मुलाला निजवताना बोलतात तसं. शब्द कळत नव्हते. मनात म्हटलं, बरं झालं आई जवळ आहे.

गिअर एकदाही अडकला नाही. आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दादा दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडला. मी त्याच्यासाठी चहा आणला, तेव्हा आई त्याच्यावर चिडली होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला माणसं सावल्यांसारखी दिसतात.

"कळा देणारी बाई गाडीत असताना इतकी माणसं कशाला घेतलीस रे?" ती म्हणत होती. "मला पाय ठेवायला जागा नव्हती."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "पुन्हा नाही घेणार, आई."

मी आईला बाजूला नेलं. गाडीत आपणच होतो, असं मी तिला सांगणार होते. पण तोंडून दुसरंच निघालं. मी म्हणाले, तू होतीस म्हणून वहिनीला धीर आला, सगळा रस्ता तिच्याशी बोलत होतीस.

आई म्हणाली, "मी कुठे? मी तर दाराशीच अडकले होते. तिच्यापर्यंत पोचताच आलं नाही. त्या दुसऱ्या बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं."

दादा ती जीप अजून चालवतो. मी एसटीनं जाते.

वहिनीला यातलं काही माहीत नाही. त्या सकाळी सासूनं आपल्याला मांडीवर घेतलं, हे ती भेटेल त्याला कौतुकानं सांगते... आणि मी समोर बसून ऐकते.