फोनवरची राखण

शनिवारी संध्याकाळी बुधाने घरचा फोन जेवणाच्या ताटांच्या मधोमध ठेवला आणि विचारलं, "बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हे कोणी पाह्यलं?"

कोणाचाच घास तोंडाकडे गेला नाही. रखमा तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, धाकटी दीपा ताटातल्या आमटीकडे बघत बसली, आणि थोरल्या सपनाने पुढे वाकून फोनवरच्या ओळी वाचल्या. 'अश्लील मजकूर. रोखला.' एवढंच! काय शोधलं, कशासाठी शोधलं, त्याचा पत्ता नाही. प्रार्थनाघरातल्या प्रत्येक कुटुंबाच्या फोनमध्ये धर्मेश पास्टरांनी 'राखण' नावाचं हे ॲप आपल्या हाताने बसवून दिलं होतं. दर शनिवारी त्याचा अहवाल घरच्या कर्त्या पुरुषाला जायचा आणि पास्टरांनाही जायचा. म्हणजे घरात कोणाच्या मनात काय चाललंय, हे घराला कळायच्या आधी बोईसरच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या पास्टरांना कळायचं.

सपना चोवीस वर्षांची होती. बारावीनंतर तिने स्वतःचं शिक्षण थांबवलं आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली, ती दीपाने शिकावं म्हणून. दीपा अकरावी सायन्सला होती. बुधाने तिचं जीवशास्त्राचं पुस्तक आधी स्वतः तपासलं होतं. माणसाच्या शरीराची पानं स्टेपलरच्या पिना मारून बंद केली होती आणि माणूस कुठून आला त्या धड्यावर काळी शाई फिरवली होती. सपनाने कंपनीतल्या मैत्रिणीकडून आणलेली कादंबरी त्याने न उघडताच चुलीत घातली होती. 'शास्त्र सोडून जे वाचाल, ते सैतान वाचून दाखवतो,' असं तो म्हणायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसाने असं म्हटलं असतं तर सपनाला राग आला नसता. पण बुधा वाचणारा माणूस होता, रोज पहाटे अर्धा तास मोठ्याने शास्त्र वाचायचा, आणि किती सुंदर वाचायचा!

त्याच्याशी वाद घालणंही कठीण होतं. डोंगराकडच्या पाड्यावर असताना हाच बुधा दारू पिऊन रखमाला मारायचा, हे दोघी मुलींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रार्थनाघराने त्याची बाटली सोडवली. दहा वर्षांत त्याने हात उचलला नव्हता. त्या उपकाराच्या ओझ्याखाली अख्खं घर मान खाली घालून जगत होतं, आणि मान वर केली की ऐकावं लागे, मग परत प्यायला लागू का?

"सांगा," बुधा म्हणाला. "नायतर दीपाचं कॉलेज उद्यापासून बंद."

बुधवारी दीपाचं कॉलेज साडेबाराला सुटतं. दुपारी घरी फोन चालवता येणारी असते ती दीपाच. सतरा वर्षांची पोर, पिना मारलेल्या पानांत काय आहे ते बघावंसं वाटलं असेल, त्यात काय मोठा गुन्हा झाला? एका क्षणात सपनाने ठरवून टाकलं.

"मी पाहिलं, बाबा."

रखमाची तव्यावरची भाकरी करपली. तिने सपनाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेत सपनाला सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यावी लागली. एरवी लोक साक्ष द्यायचे ती आजार बरा झाल्याची, नोकरी लागल्याची. सपनाने साक्ष दिली ती घाणेरडं पाहिल्याची... न पाहिलेल्या घाणीची! पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बायांनी डोळे पुसले, आणि तिला तीन महिने शेवटच्या सतरंजीवर, भिंतीला टेकून, गाण्यात तोंड न उघडता बसायची शिक्षा झाली. कंपनीने पोरगी बिघडवली म्हणून बुधाने नोकरी सोडायला लावली. तिचा स्वतःचा फोन काढून घेतला. प्रार्थनाघरातल्याच हर्षितच्या घरून तिच्यासाठी विचारणा झाली होती, ते लोक पुन्हा आले नाहीत. आणि जिच्यासाठी हे सारं केलं, ती दीपा तिच्याशी बोलेनाशी झाली. रात्री अंथरूण जरा लांब ओढून घ्यायची. एवढी कृतघ्न कशी ही, या विचाराने सपनाचं मन आतल्या आत जळत राहिलं.

तीन महिने संपत आले तेव्हा एक दिवस तिला राहवलं नाही. "निदान माझ्याकडे बघ तरी," ती दीपाला म्हणाली. "तुझ्यासाठीच केलं ना मी?"

दीपा गोंधळली. "माझ्यासाठी? ताई, मी फोनला हातच लावला नव्हता, झोपले होते. मला वाटलं, तूच त्या दिवशी लवकर येऊन..."

दीपा ताईच्या गळ्यात पडून रडली, पण सपनाला रडू येईना. बुधवारी दुपारी दोन वाजता घरात दीपाशिवाय कोण होतं, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. आई? आईला चौथीपर्यंतची अक्षरं येत होती, तीही बोट ठेवून. आई कशाला असलं काही बघेल?

त्याच रविवारी उत्तर मिळालं, तेही त्या शेवटच्या सतरंजीवरून. स्तुतीचं गाणं सुरू झालं की सगळी मंडळी दोन्ही हात वर करतात. पुढे बसलेल्यांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. भिंतीला टेकलेल्या सपनाला मात्र सगळे पाठमोरे दिसत होते, आणि त्या हातांच्या गर्दीत रखमाचा एकच हात वर होता. डावा हात खांद्यापर्यंत उचलला गेला, अडला, आणि खाली आला. दुसऱ्या गाण्यालाही तसंच झालं.

गाणं चालू असतानाच सपना उठली, बायांमधून वाट काढत पुढे गेली आणि आईला धरून बाहेर घेऊन आली. घरी येऊन तिने दार लावलं. रखमा आधी नाही नाही म्हणाली, मग मुकाट्याने पोलक्याची बटणं काढली. डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ होती, आणि वरची कातडी आत ओढली गेली होती.

"तवा सुपारीएवढी होती," रखमा म्हणाली. "तू कामावर गेलेली, दीपा झोपलेली. मी फोनला विचारलं. तोंडानं बोललं की तो लिवतो ना, तसं. थानात गाठ हाय, काय करू, असं विचारलं. तर समदं लाल झालं. मला वाटलं, देवच नको म्हनतोय."

"आणि मी सगळ्यांसमोर उभी राहिले, तेव्हा?"

"तोंड उघडेना गं माझं. तुझ्या बापाला काय सांगू, कुठलं अंग दाखवू... वाटलं, मी मेले तर मरू दे, पन तो परत दारूकडे नको जायला."

सपनाला आईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. तीन महिने! सुपारीचं लिंबू होईपर्यंत ही बाई घरातल्या सगळ्यांची मनं राखत बसली, आणि आपण मूर्खासारखं दुसरीचंच पाप अंगावर घेऊन तिच्या गप्प राहण्याला कुलूप लावलं. ती कबुली दिली नसती, तर विचारपूस आणखी चालली असती, कदाचित आईला बोलावं लागलं असतं... त्यागाचा केवढा अभिमान वाटत होता आपल्याला!

बुधा उपासनेतून तणतणत आला. गाणं चालू असताना उठून गेलात, पास्टर काय म्हणतील, असं बोलत असतानाच सपनाने त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्याचा हात सवयीने फोनकडे गेला.

"पास्टरांना इचारतो. ते हात ठेवून..."

"त्यांना विचारायचं नाही," सपना म्हणाली. "उद्या सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाहीतर तुमच्याशिवाय. आणि बाबा, एक सांगा. माझी शिफ्ट तीनला सुटायची. कंपनीची बस मला नाक्यावर साडेतीनला सोडायची. दोन वाजून दहा मिनिटांनी मी घरी कशी असेन? तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

माहीत होतं बुधाला. साधा हिशेब होता, पण त्याला पापी हवा होता, तो आयता मिळाला, मग घड्याळाकडे कोण बघतो! हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ उमटलं की सपनाने मान फिरवली. त्याने फोन खाली ठेवला.

पालघरच्या दवाखान्यात तिघेही गेले, तपासण्या झाल्या. आठवड्याने पुन्हा बोलावलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं की कर्करोग आहे, काखेतही पसरलाय, ऑपरेशन करावं लागेल आणि पुढे औषधं बराच काळ चालतील. वाचतील का, असं सपनाने विचारलं. प्रयत्न करू, असं त्या म्हणाल्या. आणखी आधी का नाही आणलंत, हेही त्यांनी विचारलं. निघताना त्यांनी मराठीत छापलेली एक पुस्तिका हातात दिली आणि भरतीच्या कागदांसाठी बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बुधाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सपना... माझं चुकलं, पोरी. माफ कर मला."

हे शब्द ऐकायला ती तीन महिने आसुसली होती. आता ऐकले तर अंगाची आग झाली. पश्चात्ताप करून मोकळं व्हायची याला किती सवय झालीय! तिने पुस्तिका त्याच्या मांडीवर ठेवली.

"माफीचं मागाहून बघू. आईला काय झालंय ते तिला वाचून दाखवा."

बुधाने पहिलं पान उघडलं. ओठ हलले आणि थांबले. समोरच्या बाकावर दोन अनोळखी पुरुष बसले होते, शेजारी एक म्हातारी होती. त्याने हळू आवाजात सुरुवात केली, पण पहिल्याच ओळीत तो शब्द होता. तो टाळून पुढे गेला.

"तू गाळलंस," रखमा म्हणाली. "मला ऐकू येईल असं वाच. शास्त्र वाचतोस तसं."

त्याने सपनाकडे पाहिलं. एरवी बाप अडला की ती पुढे व्हायची, घरातल्या प्रत्येकाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. आज ती जागची हलली नाही.

"याच थानाला तुझ्या दोनी पोरी प्यायल्या," रखमा म्हणाली. सगळा बाक ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "त्याला लाज कसली? लिवलंय ते म्हन."

समोरचे दोघे वळून बघू लागले. बुधाने पुस्तिका डोळ्यांजवळ धरली, आणि पहाटे वाचायचा त्याच स्वच्छ, भरदार आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, एकही शब्द न गाळता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तो थांबला नाही. रखमा मधेच 'हे परत सांग' म्हणायची, की तो मागे जाऊन पुन्हा वाचायचा. भरतीसाठी तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा दोन पानं राहिली होती, म्हणून तो तिच्या बरोबर चालत चालत वाचत राहिला.