न सापडणारी पाच नळकांडी

"शाल्मलीताई, पाच नळकांडी कुठून आणू?"

बोंडूने हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा शाल्मली वैतागली. "अरे, फळीवरून! आणखी कुठून?"

"फळीवर एकही नळकांडं नाही," बोंडू शांतपणे म्हणाला आणि हात लोंबते ठेवून तिथेच उभा राहिला.

बोंडू म्हणजे नव्या वेंगुर्ल्यातला सामान उचलणारा यंत्रमानव. त्याचं डोकं तांबडंलाल, काजूच्या बोंडासारखं, म्हणून पोरांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. आणि नवं वेंगुर्लं कुठे म्हणाल, तर चंद्रावर! तिथे समुद्र नाही, वारा नाही, सुक्या मासळीचा वास तर नाहीच नाही. पण तिथे पहिले घुमट बांधायला गेलेली माणसं पडली कोकणातल्या वेंगुर्ल्याची. मग ती दुसरं नाव कशाला ठेवतात?

चंद्रावर त्या दिवशी सूर्य मावळायला आला होता. तिथली रात्र आपल्यासारखी नसते. एकदा सूर्य बुडाला की जवळजवळ पंधरा दिवस तोंड दाखवत नाही, आणि थंडी अशी पडते की विचारू नका. राहत्या घुमटात वीज पुरते, पण रोपघरापर्यंत पुरत नाही. म्हणून तिथे उष्मागोळ्या (हळूहळू ऊब सोडणाऱ्या गोळ्या) वापरायच्या. एक गोळी एक तास चालते. रात्र तीनशे चोपन्न तासांची, म्हणजे गोळ्याही तीनशे चोपन्न लागणार.

या गोळ्यांवर एका कुंडीचा जीव टांगलेला होता. त्या कुंडीत शाल्मलीने रुजवलेलं रातांब्याचं रोप होतं. रातांबा म्हणजे ज्याची कोकमं करतात ते फळ. रातांब्याचं चंद्रावरचं हे पहिलंच रोप. चार पानं आली होती आणि पाचवं डोळे उघडत होतं. शाल्मली रोज सकाळी उठून आधी त्याला बघायची, मग दात घासायची.

दुपारी शेजारच्या वस्तीतून गंधालीमावशीचा निरोप आला होता. तिच्या माशांच्या टाकीचा तापक (पाणी गरम ठेवणारं यंत्र) बंद पडला होता. "नवा तापक दीडशे तासांनी बसणार गो, तोवर पिल्लं गारठून मरतील. रोपापुरत्या ठेवून उरलेल्या गोळ्या देशील? निदान दीडशे तरी हव्यात."

शाल्मलीने पाटीवर झरझर वजाबाकी मांडली. फळीवर ५०२ गोळ्या. त्यातून रोपाच्या ३५४ गेल्या. उत्तर आलं २५२.

"दोनशे बावन्न देते, मावशी!"

"तुझ्या तोंडात साखर पडो! मग दुसऱ्या टाकीतली कोळंबीसुद्धा वाचेल." मावशीचा आवाज ऐकून शाल्मलीला आभाळ ठेंगणं झालं.

आणि आता मावशीची गाडी दाराशी येऊन उभी होती, शंभर-शंभर गोळ्यांच्या दोन पेट्या बोंडूने उचलून बाजूला ठेवल्या होत्या, आणि स्वारी नळकांड्यांपाशी अडली होती.

"काय गो बाय, कसला गोंधळ?" आबा आत आले. आबा म्हणजे तिचे आजोबा. वनस्पतिशास्त्रज्ञ माणूस. कुणी चुकलं की लगेच चूक सांगायची नाही, आधी मिशीवरून हात फिरवायचा, ही त्यांची सवय. त्यांनी पाटी बघितली आणि मिशीवरून हात फिरवला.

"रोपाचा वाटा तीनशे चोपन्न, मावशीचा दोनशे बावन्न. दोन्ही एकत्र कर बघू."

शाल्मलीने बेरीज केली. मग पुन्हा केली. तिचा चेहरा उतरला. "सहाशे सहा! पण आबा, आपल्याकडे तर पाचशे दोनच आहेत."

"मग वरच्या एकशे चार कुठून टपकल्या?"

शाल्मलीने बाजूला ठेवलेल्या पेट्यांकडे पाहिलं. बोंडू अडला नसता तर? दोनशे बावन्न गोळ्या गाडीतून निघून गेल्या असत्या आणि रोपासाठी अडीचशेच उरल्या असत्या. म्हणजे सूर्य उगवायच्या खूप आधी ऊब संपली असती. तिला रडूच फुटलं.

"रडायचं नंतर. गाडी थांबेल थोडी," आबा तिच्याशेजारी बसले. "आधी सांग, पाटीवर काय काय केलंस?"

शाल्मलीने नाक पुसलं. "एककाच्या घरात (सुट्या वस्तूंच्या घरात) दोन होते. दोनातून चार जात नाहीत. म्हणून मग चारातून दोन घालवले. उरले दोन."

"हं. फळीवर बघ. सुट्या गोळ्या किती?"

"दोन."

"रोप म्हणतंय, मला चार दे. तू त्या दोन दिल्यास. आता काय राहिलं?"

"दोन," शाल्मली म्हणाली आणि थबकली. "नाही... फळीवर तर काहीच राहिलं नाही. रोपालाच अजून दोन हव्यात!"

"अस्सं! तुझे ते दोन उरलेले नव्हेत, कमी पडलेले आहेत. आणि तू ते मावशीला देऊन मोकळी झालीस."

शाल्मली रडता रडता हसली. दशकाच्या घरातही (दहा-दहाच्या गटांच्या घरात) तिने हेच केलं होतं. नळकांड्यात गोळ्या दहा असायच्या. फळीवर नळकांडं शून्य, रोपाला हवी पाच. तिने पाचातून शून्य घालवून पाच लिहिली होती. बोंडू बिचारा तीच शोधत होता.

"पण आबा, सुट्या दोनच आहेत, तर चार द्यायच्या कशा?"

"फळीवर आणखी काय आहे?"

"बोंडूने बाजूला ठेवलेल्या दोन धरून पाच पेट्या." शाल्मलीने आवाज खाली आणला. "पण त्यांना सील आहे."

इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. नव्या वेंगुर्ल्यात रांगत्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते, पेटीचं सील तोडायचं नाही. चंद्राची धूळ पिठापेक्षा बारीक, आत शिरली की गोळ्या वाया. शाल्मली आपल्या नऊ वर्षांच्या आयुष्यात एकही पेटी उघडायला धजली नव्हती, आणि पाटीवरसुद्धा तिचा हात पेटीकडे गेला नव्हता.

"सील जपायचं ते गरज पडेपर्यंत," आबा म्हणाले. "आज पडली. घे, तूच उघड."

शाल्मलीने श्वास रोखून पट्टी ओढली. पेटीत दहा नळकांडी अगदी अंगाला अंग लावून बसली होती.

"आता पेट्या किती?"

"चार. आणि नळकांडी दहा." तिने स्वतःच एक नळकांडं उचललं, टोपण फिरवलं आणि दहा गोळ्या सुट्या दोन गोळ्यांत ओतल्या. "आता नळकांडी नऊ, सुट्या बारा."

"मग गोळ्या वाढल्या की कमी झाल्या?"

तिने मोजलं. चारशे, नव्वद आणि बारा. "पाचशे दोनच! आहेत तेवढ्याच आहेत. फक्त पेटीतल्या बाहेर आल्या."

"यालाच हातच्याची वजाबाकी म्हणतात," आबा म्हणाले. "कुणी म्हणतं, शेजारच्या घरातून उसना घ्या. पण परत कोण करतं? मोठा गट सोडायचा आणि लहान गटांत मांडायचा, बस्स. शेजारच्या घरात शून्य असलं तर त्याच्याही पलीकडे जायचं."

आता शाल्मली कुणासाठी थांबली नाही. बारातून चार गेल्या, आठ राहिल्या. नऊ नळकांड्यांतून पाच गेली, चार राहिली. चार पेट्यांतून तीन गेल्या, एक राहिली. एकशे अठ्ठेचाळीस! तिने लगेच त्यात तीनशे चोपन्न मिळवून पाहिले. पाचशे दोन. अगदी चोख.

पण तिचा आनंद क्षणभरच टिकला. मावशीला हव्या होत्या दीडशे. आणि तिला सांगून ठेवल्या होत्या दोनशे बावन्न.

तिने मावशीला फोन लावला. "मावशी, माझी चूक झाली. एकशे अठ्ठेचाळीसच उरतात."

"असू दे गो. कोळंबीचं बघते मी कसंतरी. पण माशांना शेवटचे दोन तास..." मावशीने वाक्य पुरं केलं नाही.

शाल्मलीने कुंडीकडे पाहिलं. मग फळीकडे. "आबा, रोप दोन तास राहत्या घुमटात चालेल?"

"तिथली हवा फार कोरडी, आणि रोपाला जरा गारच. दिवसभर ठेवलं तर पानं गळतील. दोन तास चालेल, पण अंगाशी धरून ऊब द्यावी लागेल."

"मग दीडशे पाठवते, मावशी! टाकी काही मांडीवर घेता येत नाही. कुंडी येते."

आबांनी मिशीवरून फिरवायला हात वर नेला आणि तो तिच्या डोक्यावर ठेवला. बोंडूने एक पेटी उचलली, पाच नळकांडी उचलली, आणि बिनतक्रार गाडीकडे चालू लागला.

त्या लांबलचक रात्रीच्या शेवटी, गोळ्या संपल्या तेव्हा, शाल्मली कुंडी पोटाशी धरून घुमटाच्या काचेपाशी बसली. आबांनी दोघांवर मिळून एक शाल घातली. मावशीचा निरोप आधीच आला होता, नवा तापक बसला होता आणि पिल्लं टाकीभर धुडगूस घालत होती. क्षितिजावर उजेडाची बारीक रेघ उमटली. शालीच्या आत पाचवं पान आता पुरतं उघडलं होतं.

"आबा, याला रातांबे कधी लागतील?"

"सात-आठ वर्षं तरी जातील गो."

"चालेल. पहिली पेटी गंधालीमावशीची," शाल्मली म्हणाली. "आणि मी ती दहा-दहाचे वाटे करूनच भरणार. म्हणजे तिला कुणाला द्यायचे झाले, तर उघडायला सोपं."