अकरावं पान

या, जरा जवळ सरका. दाराशी वाऱ्यात कशाला बसता, गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. एका मुलीची गोष्ट, तिच्या छातीतल्या धडधडीची आणि सोळा पानांच्या एका पुस्तिकेची. हिच्यात राजा नाही, राणी नाही, राक्षसही नाही. भीती मात्र भरपूर आहे. आणि भीती जिथे मुक्कामाला उतरते तिथून प्रेमाचं घर फार लांब नसतं, असं मला तरी आजवर दिसत आलंय. तेव्हा कान द्या.

ही मुलगी डिझाइन कॉलेजात शेवटच्या वर्षाला. घरात तिला सगळे ‘धाकधूक’ म्हणायचे. बारसं ताईने केलेलं, आणि ते अंगाला असं बसलं की आईसुद्धा जेवायला हाक मारताना तेच म्हणे. गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यावरून दोनदा परत येणारी, परीक्षेला तीन पेनं नेणारी, आणि तिन्ही चालतात ना म्हणून तळहातावर रेघोट्या मारत बसणारी अशी ही आमची धाकधूक.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने एक छोटी पुस्तिका स्वतः लिहायची, स्वतः मांडायची आणि बाहेरून छापून आणायची होती. पन्नास प्रती. तिने विषय घेतला होता न नेलेल्या वस्तूंचा. दुरुस्तीला टाकल्या आणि मालक फिरकलेच नाहीत, अशा वस्तू. शिंप्याकडचा कोट, घड्याळजीकडचं मनगटी घड्याळ, बूट शिवणाऱ्याकडचा एकच बूट. दुसरा पाय घेऊन तो माणूस कुठे गेला असेल, या विचाराने तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

तर एका दुपारी पावसाची भुरभुर चालू असताना ती कॉलेजमागच्या गल्लीतल्या छापखान्याच्या दारात उभी राहिली. केस निथळताहेत, चष्म्यावर थेंब, आणि छातीशी कागदाचा गठ्ठा घट्ट धरलेला. आतून शाईने माखलेला ॲप्रन घातलेला एक तरुण पुढे आला.

“आधी कागद द्या,” तो म्हणाला.

तिने दिला. त्याने तो बाळासारखा हातांवर घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, “कड ओलावलीय. दमट कागद मशीनमध्ये गेला की लांबतो. मग पहिला रंग इथे आणि दुसरा भलतीकडेच.”

“आणि मी?”

“तुम्ही काय?”

“मीपण ओलावलेय.”

तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे पाहिलं. गडबडून जवळचं फडकं पुढे केलं. तिने तोंड पुसलं आणि तो ओठ दाबून हसायला लागला.

“काय झालं?”

“निळं लागलं. गालाला.”

“अरे देवा. कुठे, या बाजूला?”

“राहू दे की. तुमच्या पुस्तिकेचा दुसरा रंग कुठला?”

“नारिंगी.”

“मग शोभेल,” तो म्हणाला आणि पाठ फिरवून कागद वाळत घालायला गेला.

तो छापखाना त्याच्या काकांचा. काका चष्मा कपाळावर चढवून तो घरभर शोधणाऱ्यांपैकी. पुतण्या मशीन चालवी, काका घड्या घालून पिना मारत. पानं किती, असं पुतण्याने विचारल्यावर ती म्हणाली, “पंधरा.”

“पंधरा पानांची पुस्तिका देवालाही शिवता यायची नाही. ताव मधोमध दुमडला की चार पानं होतात. बारा, नाहीतर सोळा. मधलं काही नाही.”

“माहितीय मला,” ती तोऱ्यात म्हणाली. “सोळाच आहेत, पण अकरावं छत्री दुरुस्तीवाल्यांचं. ते बोलायलाच तयार नाहीत.”

“मग तोवर काहीतरी भरून जागा धरा.”

हे जागा धरणं नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. खरा मजकूर हाताशी नसला की पान कसं दिसेल हे पाहायला ही मंडळी तिथे खोटा मजकूर ओततात. काहीही अक्षरं, अर्थ नसलेली. पण तिच्या कॉलेजच्या बाई कडक. त्या म्हणत, “अर्थहीन अक्षरं टाकू नका. खऱ्या भाषेत चार वाक्यं लिहा, तरच ओळ कुठे मोडते ते कळतं.”

मग दर दोन दिवसांनी ती छापखान्यात येऊ लागली. कधी नारिंगी जरा फिका करायला, कधी समास बोटभर वाढवायला, कधी वाढवलेला समास कमी करायला. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “आमच्या मशीनला माहेरचं माणूस लाभलं म्हणायचं.” ती कानापर्यंत लाल झाली. पुतण्या मशीनखाली वाकून न पडलेला स्क्रू शोधत राहिला.

आणि एका दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये, अकराव्या पानाची जागा धरायला, तिने लिहिलं. लिहायला बसली आणि हात थांबेचना —

‘तो कागदाशी बोलताना आवाज उतरवतो. माणसांशी बोलताना नाही. ते ऐकलं की मला कागद व्हावंसं वाटतं. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली शाई असते, मी ती बघते आणि त्याने काय विचारलं तेच विसरते. समास मला मुळीच वाढवायचा नव्हता. पुस्तिका छापून झाली की इथे यायचं निमित्त संपेल.’

सात ओळी झाल्या. ओळ छान मोडत होती. कोण वाचणार आहे, म्हणून तिने फाइल बंद केली.

शेवटी छत्रीवाले बोलले, ते अगदी जमा करायच्या आदल्या दिवशी. फडताळात लटकवलेली एक जांभळी छत्री दाखवून म्हणाले, “पाऊस थांबल्यावर छत्री न्यायला कोण येतं गं?” बस्स, एवढंच. ती तशीच धावत घरी आली, ते वाक्य अकराव्या पानावर बसवलं आणि फाइल छापखान्यात पाठवून दिली.

आता तिच्याकडच्या फायलींची नावं ऐका. एक ‘अंतिम’. दुसरी ‘अंतिम खरं’. तिसरी ‘अंतिम खरं दोन’. देवाने माणसाला एकच शेवट दिलाय, या पोरांना मात्र तीन-तीन लागतात. छत्रीवाले तिसऱ्या फाइलमध्ये होते. गेली दुसरी.

हे तिला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, पाठवलेल्या फाइलची पोहोच पाहताना. पुस्तिका त्याच दिवशी चारच्या आत जमा करायची होती, आणि छपाई नऊला सुरू होणार होती. घड्याळात साडेदहा.

“तोंड का असं झालं?” ताईने विचारलं.

“ताई, मी गेले.”

“कुठे?”

एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात ताईची, अशी ती जिना उतरली. वाटेत तिच्या डोळ्यांसमोर त्या पन्नास प्रती रांगेने उभ्या राहिल्या. एक कडक बाईंच्या हातात. एक बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या. एक प्रदर्शनाला येणाऱ्या बाबांच्या, आणि बाबा तर मोठ्याने वाचतात. पण या सगळ्यांच्या आधी, पहिल्यांदा कोणाच्या हाताखालून गेलं असेल ते? तो हसला असेल का? की काकांना वाचून दाखवलं असेल? की… नुसतंच वाचून बाजूला ठेवलं असेल, परक्याचं पत्र चुकून हाती आल्यासारखं? हे तिसरं तिला सगळ्यांत भयंकर वाटलं.

गल्लीत वळली तर मशीनचा आवाज नाही. म्हणजे झालं. छापून झालं.

आत टेबलावर दुमडलेल्या तावांच्या चळती. काका एकटेच कोपऱ्यात पिना मोजत बसलेले. पुतण्या खिडकीपाशी पाठमोरा, आणि तो वळलाच नाही.

“छापून… झालं?” तिने विचारलं.

“बरंचसं,” तो खिडकीशीच बोलला.

“वाचलंत?”

“छापणारे वाचत नसतात. वाचत बसलो तर कागद अडकतो.”

तिने श्वास सोडला. पण काकांना कुठला धीर. “अगं, कसलं झालंय! तीन ताव झाले, चौथ्याची एक बाजू झाली, आणि दुसरी या पठ्ठ्याने अडवून धरलीय. तासभर मशीन बंद. विचारलं तर म्हणतो, कागद दमट आहे. बाहेर बघ, कपडे वाळत घालावेत असं ऊन पडलंय.”

आता तो वळला. हातात एकच ताव होता, शाई वाळलेला. डावीकडे सहावं पान, घड्याळजीचं. उजवीकडे अकरावं.

“एकच काढला होता, तपासायला,” तो म्हणाला. “मग मशीन थांबवलं. मला कळेना, की हे पान पुस्तिकेचं आहे, की…” त्याने तो ताव उगाच सरळ केला. “की चुकून आलंय.”

बघा, देव कधीकधी माणसाला सुटकेचं दार सताड उघडून देतो, आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं. तिला ते दार दिसलं आणि घाबरलेल्या माणसाने करावं तेच तिने केलं. जागची न हलता सरळ त्या दारातून सटकली.

“तो जागा धरायचा मजकूर आहे,” ती म्हणाली. “त्याला काही अर्थ नसतो.”

“हं,” तो म्हणाला. “मला वाटलंच.”

त्याचा आवाज बदलला नाही. कान मात्र उतरले, कान उतरलेले तुम्ही कधी पाहिले असतील तर. तिने मोबाइलवरून बरोबर फाइल दिली, त्याने मशीन सुरू केलं, आणि खडखड करत एकामागून एक ताव पडू लागले. एक, दोन, तीन. छत्रीवाल्यांचं वाक्य पांढऱ्या पानावर एकटंच किती सुरेख दिसत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं. वीस. तिला वाटलं, पन्नास झाले की संपलं. तीस. मी पुस्तिका उचलीन, आभार मानीन, तो ‘या पुन्हा’ म्हणेल, सगळ्यांनाच म्हणतात तसं. चाळीस. आणि शिंप्याकडच्या त्या कोटासारखी मी आयुष्यभर इथेच लटकत राहीन, न नेलेली. पन्नास.

मशीन थांबलं. त्याने टेबल आवरायला घेतलं, आणि तो तपासणीचा ताव रद्दीच्या गठ्ठ्याकडे नेला.

“थांबा,” ती म्हणाली.

तो थांबला. काकांच्या हातातली पिनही थांबली.

“त्यात एक चूक आहे.”

“कुठे?”

“शेवटच्या ओळीत.” तिचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांना धरून होते. “निमित्त संपेल, असं लिहिलंय मी. बाकी सगळं बरोबर आहे. अक्षरन् अक्षर. पण निमित्त नसताना आले तर… चालेल का?”

मग त्याने तो ताव रद्दीकडून मागे घेतला, चार घड्या घातल्या आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला.

“सोमवारी मशीन बंद असतं,” तो म्हणाला. आणि आवाज उतरवून, अगदी कागदाशी बोलावं तसा, “सोमवारी ये. म्हणजे नीट ऐकू येईल.”

ये म्हणाला. या नव्हे. तिच्या ते लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि दोघंही एकदम वेगवेगळ्या भिंतींकडे बघायला लागले.

“सोमवारी मीही नसतो हं,” काका पिना मारता मारता म्हणाले. “मला कामं असतात बाहेर.”

पुतण्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं नाही.

पावणेचारला पुस्तिका जमा झाली. परीक्षकांनी अकरावं पान दोनदा उलटून पाहिलं आणि चांगले गुण दिले, पण ते ऐकायला तिचे कान जागेवर नव्हते. सोमवारी ती आली. काय बोलले ते मी सांगणार नाही. मशीन बंद होतं म्हणून आपण कान लावून बसायचं, असं नाही.

आता उठा तुम्ही. जाता जाता एक मागणं आहे. सोमवारी काकांना बाहेर काही काम नसे. घरी बोलायला माणूस उरलं नव्हतं, म्हणून गेली अकरा वर्षं दर सोमवारी ते बंद छापखान्यातच येत, मशीनला तेल देत, त्याच्याशीच काहीबाही बोलत बसत. त्या सोमवारी ते दिवसभर बसथांब्यावर बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येक बसला हात हलवून म्हणत होते, नाही, मला कुठे जायचं नाही. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आधी तुमची माणसं आठवा. आणि मग त्यांनाही आठवा.