विचारायला काय हार्म आहे?

लिफ्टचं जाळीचं दार खाड्‌कन सरकलं. माझ्या ठकीचं बोट त्यात सापडणार… तेवढ्यात एका अनोळखी माणसाने मध्ये हात घातला.

"नो डॅमेज, मॅडम!" हात झटकत तो हसला. लिफ्ट दुरुस्त करायला आला होता.

मी लेकीची बोटं पुन्हापुन्हा चाचपत होते, तरी तोंडातून निघालंच, "डॅमेज वस्तू होतात. माणसं इन्जर्ड होतात."

"शिकवता वाटतं?"

शिकवते. वरच्या मजल्यावर, संध्याकाळी, मोठ्यांना इंग्रजी. घरी सांभाळणारं कोणी नाही, म्हणून ठकीही सोबत असते.

पुढच्याच आठवड्यात लिफ्टवाला वर्गात शेवटच्या रांगेत हजर! ठकी खुशाल त्याच्या शेजारी.

"हर्ट अंगालाही होतं, मनालाही," मी शिकवत होते.

"म्हणजे आपल्या मराठी 'लागण्या'सारखंच की," तो म्हणाला. थेट माझ्याकडे बघत. मी घाईने फळ्याकडे वळले.

"हार्म म्हणजे अपाय. पण 'देअर इज नो हार्म इन आस्किंग' म्हणजे, विचारायला काय हरकत आहे."

वर्ग सुटला. सगळे गेले, तो खुर्च्या लावत रेंगाळला.

"मॅडम, विचारायला नो हार्म ना?"

"विचारा."

"रविवारी तुम्ही दोघी… माझ्याबरोबर फिरायला याल?"

किती दिवसांनी कुणी काही विचारत होतं! पण लगेच फळ्यावर रेघोट्या ओढणाऱ्या ठकीकडे नजर गेली.

"ठकीचे बाबा सोडून गेले. अजून जिन्यात पाऊल वाजलं, की ती दाराकडे धावते." मी धावत नाही, नुसती बघते. "तिला तुमचा लळा लागला, आणि तुम्हीही—"

पुढचं क्रियापद मला मराठीतही सापडेना.

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. "नाही जाणार, असं छातीठोक सांगू? तसं सगळेच सांगतात. आमच्या कामात दोर तुटणारच नाही, अशी हमी कोणी देत नाही. दर महिन्याला यायचं, बघायचं, तेलपाणी करायचं."

"महिन्यातून एकदाच?" निसटलंच माझ्या तोंडून.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "जुन्या लिफ्टला… रोजही यावं लागतं."

"जुनी कुणाला म्हणता हो?"

"चुकलो, मॅडम!"

ठकी खिदळली. तिला काय कळलं, कुणास ठाऊक.

"रविवारी वेळेवर या," मी पर्स आवरत म्हणाले. "ताटकळत ठेवलेलं लागतं फार."

"ठकीला?"

"मला…"