लोरेन्झेनच्या तळघरातले हमाल

प्रणव मोघे शेकोटीसाठी लाकडं आणायला तळघरात गेला, तिथून आत्मारामकाकांनी सुरुवात केली. जेवणं आटोपली होती, बाहेर हॅम्बर्गचा पाऊस चालू होता आणि वेद आणि अवनी या पोरांना त्यांनी मोबाइल खाली ठेवायला लावले होते. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. प्रणव आपल्या मराठी मंडळातला, विमानांच्या कारखान्यात इंजिनियर, आणि तो काही थापा मारणारा पोरगा नाही.

एल्बे नदीकाठचं ते जुनं घर लोरेन्झेन नावाच्या नव्वदीच्या म्हाताऱ्याचं. खाली तो, वरच्या दोन खोल्यांत प्रणव. या गावात घर मिळवताना नाकी नऊ येतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात प्रणवची बायको ईश्वरी साताऱ्यात व्हिसाची वाट बघत बसलेली. व्हिसासाठी घराचा पक्का करार हवा होता आणि म्हातारा सोमवारी सही करणार होता. तोवर मर्जी सांभाळायची. लाकडं आण म्हटलं की निमूट आणायची.

पहिली खेप प्रणवनं शेकोटीपाशी ठेवली, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याचा हात ओढून तळवा दिव्याखाली धरला. लहानपणापासून मल्लखांब केलेला गडी तो, घट्टे पडलेले होतेच. म्हातारा हसला. लढाईच्या काळात चीनमध्ये असतास तर या हातांपायी जिवाला मुकला असतास, म्हणाला.

मग वाईनचे घोट घेत त्यानं आपल्या बापाची हकिगत सांगितली. बाप यांगत्से नदीकाठच्या एका गावात तेलाचा व्यापारी. १९३७ च्या हिवाळ्यात जपानी फौजेनं ते गाव घेतलं. लपलेले चिनी शिपाई हुडकत ते घरोघर फिरत. ज्याच्या तळव्याला घट्टे तो शिपाई, ते बंदुकीनंच पडले, असा त्यांचा न्याय. बापाच्या वखारीतले हमाल त्यांनी अंगणात रांगेत उभे केले. जन्मभर कावडीनं ओझी वाहिलेली माणसं ती, त्यांच्या हाताला घट्टे नसतील तर काय असेल? ही तुमची माणसं का, असं अधिकाऱ्यानं बापाला विचारलं. फाटकावर जर्मन झेंडा होता आणि जर्मनीशी जपानचं सख्य होतं. बाप नुसता हो म्हणाला असता तरी सोडलं असतं. पण वखार भरलेली होती आणि फौजेशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मी यांना ओळखत नाही, असं तो म्हणाला. फौजेनं सगळ्यांना नदीवर नेऊन मारलं.

"हुशार माणूस होता," म्हातारा म्हणाला.

प्रणवचं डोकं सणकलं. समोरची बाटली भिंतीवर फोडावी असं वाटलं त्याला. पण डोळ्यांपुढे ईश्वरी आली, सोमवारची सही आली. तो म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

इथे काकांचा आवाज चढला. अरे, काय बरोबर? माणसं मारायला दिली ते बरोबर? काका पाणी प्यायले आणि पुढे सांगू लागले.

म्हाताऱ्यानं आणखी लाकडं मागितली. तळघरातला दिवा इथल्या रीतीप्रमाणे आपोआप विझणारा. प्रणवनं बटण दाबलं, आत गेला, लाकडं उचलायला वाकला. दिवा गेला. तो भिंत चाचपत मागे फिरला. हाताला भिंत लागली नाही. खांदा लागला. माणसाचा. ओला.

त्याच्यापलीकडे आणखी एक. त्याच्याही पलीकडे... कोणी बोलत नव्हतं. नुसते श्वास. तेलाचा उग्र वास. प्रणव एका रांगेत उभा होता.

समोरून कोणीतरी त्याचं मनगट धरलं. हातमोजा घातलेला हात. तळवा वर केला. अंगठा घट्ट्यांवरून फिरला... आणि थांबला.

जिन्यावरचं दार उघडलं. उजेडात म्हातारा उभा. प्रणवच्या जिवात जीव आला. समोरच्यानं वर बघून काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही. प्रश्न कळला.

म्हातारा प्रणवकडे बघत राहिला... सरळ त्याच्या तोंडाकडे.

"मी याला ओळखत नाही."

दार बंद झालं.

रांग चालू लागली. तळघर संपेना. पुढे कुठेतरी पाणी वाहत होतं... शेजारच्यानं अंधारात प्रणवचा दुसरा हात घट्ट धरला. खरबरीत हात. प्रणव घाबरला होता. पण मघाशी गिळलेला संताप आता वर आला आणि भीतीच्या पुढे गेला. त्याच्या तोंडून मराठीच निघालं.

"हे हमाल आहेत. शिपाई नाहीत. माझी माणसं आहेत... सगळी माझी आहेत."

मनगट सुटलं. शेजारच्यानं त्याचा हात एकदा दाबला... मग तोही सुटला.

दिवा लागला तर तळघरात प्रणव एकटाच. तो वर आला तेव्हा म्हातारा खुर्चीतच होता, पायांवर पांघरूण. आपण जागचे हललोच नाही म्हणाला. प्रणव त्याच्यासमोर उभा राहिला. "तुमचा बाप हुशार नव्हता. एक शब्द बोलायचा होता, तो त्यानं वखारीसाठी गिळला. मघाशी मी घरासाठी गिळला." म्हाताऱ्यानं घर सोडायला सांगितलं. प्रणव त्याच रात्री बॅग घेऊन काकांच्या दारात आला. सही गेली. ईश्वरीचं येणं सात महिने लांबलं, आणि फोनवर सगळं ऐकून ती रडत रडत म्हणाली, बरं केलंस.

आणि म्हातारा? त्याच्याकडे आपली वीणा नर्स म्हणून जाते. सोमवारी सकाळी ती त्याला आंघोळ घालायला गेली, तर तो मुठी सोडेना. शेवटी डॉक्टरनं एकेक बोट उलगडलं. जन्मात कधी घमेलं न उचललेला माणूस... दोन्ही तळव्यांवर घट्टे. पिवळे, जुने, चिरा गेलेले. अजून दाराची बेल वाजली की म्हातारा हात पाठीमागे लपवतो, वीणा सांगते.